काळ्या काचेची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तासगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९०३ साली ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. म्हणून आज ज्या माणसापासून मी सुरुवात करणार आहे, त्याला सातारकरांनी आपला म्हणावं की सांगलीकरांनी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. तो दोघांचाही आहे.

हा माणूस म्हणजे भालचंद्र दिगंबर गरवारे, सगळ्यांचे आबासाहेब. जन्म तासगावचा, डिसेंबर १९०३ मधला. शाळा फारशी झाली नाही. तरुणपणी मुंबई गाठली आणि मोटारींच्या धंद्यात शिरले. जुन्या मोटारी घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या. पुढे त्यासाठी थेट इंग्लंडला गेले. तिकडच्या वापरलेल्या मोटारींचा व्यापार या तासगावच्या गड्यानं केला. नंतर प्लास्टिकचं युग येतंय हे त्यांनी ओळखलं. गुंड्या, नायलॉनचे धागे, दोर असं करत करत घराण्याचा उद्योग पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मपर्यंत पोचला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९० मध्ये ते गेले. त्यांच्या घराण्यातली, औरंगाबादला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला कारखाने असलेली गरवारे पॉलिएस्टर ही कंपनी २०२१ पासून गरवारे हाय-टेक फिल्म्स या नावानं ओळखली जाते. मोटारीच्या काचेला लावायची ऊनरोधक फिल्म हे तिचं एक प्रमुख उत्पादन.

मोटार विकण्यापासून सुरू झालेलं एका घराण्याचं काम मोटारीच्या काचेवर येऊन थांबलं, ही गंमत आहेच. पण आज मला सांगायची आहे ती त्या फिल्मचीच गोष्ट. ही फिल्म आपण उन्हासाठी लावली की लोकांनी आत बघू नये म्हणून लावली? या दोन गोष्टींची आपण इतकी वर्षं गल्लत केली, की अखेर सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं.

आधी जरा मागे जाऊ. मोटारी नव्हत्या तेव्हाही वाहनातून दिसावं की दिसू नये, हा प्रश्न होता. पालखी उघडी असे, मेणा बंद असे. पालखीतल्या माणसाला लोकांनी पाहावं, मुजरा करावा, अशी अपेक्षा. मेण्यातल्या व्यक्तीला कुणी पाहू नये, अशी व्यवस्था. मेण्यात बहुधा घरंदाज स्त्रिया असत. तीच रीत छकड्याला आणि टांग्याला लागू झाली. लेकीबाळी बसल्या की मागेपुढे पडदा सोडायचा.

आपल्या या दोन जिल्ह्यांत संस्थानं किती होती ते आठवा. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, पण बाकीची स्वातंत्र्यापर्यंत टिकली. मोटार आली ती आधी अशाच दरबारी मंडळींकडे. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी विलायतेहून मागवलेल्या मोटारींपैकी काहींना राणीवशासाठी मुद्दाम पडदे किंवा गडद काचा बसवलेल्या असत. वाहन बदललं, मेणा मात्र आत शिल्लक राहिला.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले आणि पांढरी ॲम्बॅसिडर आली. माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर ती गाडी अजून आहे. मागच्या सीटवर टर्किश टॉवेल अंथरलेला, मागच्या काचेला सुरकुत्या घातलेला पडदा, बाजूच्या काचांना तसलेच छोटे पडदे. कचेरीसमोर, साखर कारखान्याच्या फाटकाशी, लग्नाच्या मांडवाबाहेर ती उभी राहिली, की आत कोण आहे हे कळायच्या आधीच लोक सरसावून उभे राहत. पडद्याचं काम ऊन अडवण्याचं होतं, हे खरं. पण आत कुणीतरी मोठं माणूस आहे, हे सांगण्याचं कामही तोच पडदा करत होता. मेण्यातली स्त्री दिसत नसे ती मर्यादेपोटी. ॲम्बॅसिडरमधला माणूस दिसत नसे तो प्रतिष्ठेपोटी.

आता काचेकडे वळू. काचेचं खरं काम प्रकाश पुढे पोचवण्याचं. आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, १९१६ मध्ये ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामुळे त्या जागेचं नावच ओगलेवाडी झालं. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. कंदिलाची काच जितकी स्वच्छ, तितका उजेड जास्त. संध्याकाळी राखेनं काच पुसून मग वात लावायची, हे घरातल्या लहान मुलांचं ठरलेलं काम असे.

मोटारीच्या काचेवर मात्र आणखी एक जबाबदारी आली. ती फुटली तर माणसाचा जीव घेता कामा नये. सुरुवातीच्या मोटारींना साधी काच असे आणि अपघातात तिचे सुरीसारखे तुकडे होत. एडुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दोन काचांमध्ये चिवट थर घालून न विखुरणारी काच तयार केली आणि १९०९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. प्रयोगशाळेत वरून पडलेली एक काचेची कुपी तडकली, पण विखुरली नाही, कारण तिच्या आत एका द्रावणाचा पापुद्रा सुकून राहिला होता. त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. आजही मोटारीची समोरची काच अशी दुपदरी असते. बाजूच्या काचा कडक तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्या फुटल्या तर त्यांचे साबुदाण्यासारखे बोथट दाणे होतात. कायद्याच्या भाषेत या दोन्ही सुरक्षा काचा. हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे सगळा खटला याच शब्दाभोवती फिरला.

फिल्मचा जन्म त्यानंतरचा. पॉलिएस्टर हा पदार्थ इंग्लंडमध्ये १९४१ च्या सुमारास तयार झाला. त्याची पातळ, पारदर्शक, न फाटणारी फिल्म १९५० च्या दशकात बाजारात आली. तिच्यावर धातूचा अतिसूक्ष्म थर देऊन ऊन परतवणाऱ्या फिल्मचं पेटंट अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीला १९६६ मध्ये मिळालं. मूळ विचार इमारतींचा होता. मोठमोठ्या काचांच्या इमारती उन्हात तापतात, थंड ठेवायला वीज फार लागते, म्हणून काचेवरच काहीतरी चिकटवावं. तिथून ती मोटारीवर आली.

आपल्याकडे तिची गरज नव्हती, असं कुणी म्हणू नये. एप्रिल-मे महिन्यात सांगली-मिरजेत पारा चाळिशीच्या आसपास असतो. माण-खटावात तर सावलीला झाडही सहज सापडत नाही. उन्हात उभी केलेली गाडी उघडून स्टिअरिंगला हात लावून बघा. फिल्म ही चैन नव्हती. चूक झाली ती दुसरीकडे. फिल्म जितकी काळी तितकी गाडी गार, असं आपण धरून चाललो.

शाळेत शिकलेलं थोडं विज्ञान इथे उपयोगी पडतं. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी डोळ्यांना दिसतच नाही. ती अवरक्त किरणांच्या रूपानं येते. अगदी थोडा भाग अतिनील किरणांचा असतो आणि उरलेला तो आपल्याला दिसणारा उजेड. नुसता काळा रंग दिलेली स्वस्त फिल्म मुख्यतः हा उजेड अडवते. अडवते म्हणजे शोषून घेते. मग ती स्वतः तापते, काच तापते आणि त्यातली बरीच उष्णता गाडीच्या आतच उतरते. डोळ्यांना अंधार दिसतो म्हणून मनाला गारवा वाटतो. याउलट आजची चांगली सिरॅमिक फिल्म हाताला घेतली तर जवळजवळ पांढरी दिसते, पण न दिसणारी अवरक्त किरणं मोठ्या प्रमाणात थांबवते. काळोख वेगळा, गारवा वेगळा.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या बागायतदाराला हे चटकन पटेल. द्राक्षाचा बेदाणा करताना तो रॅकवर माल पसरतो आणि वर शेडनेट टाकतो. थेट ऊन पडलं तर बेदाणा काळा पडतो, आणि हवा कोंडली तर तो वाळत नाही. म्हणून ऊन किती घ्यायचं आणि किती अडवायचं, याचा त्याचा हिशेब पक्का असतो. फक्त एक फरक लक्षात ठेवायला हवा. पन्नास टक्के शेडनेट म्हणजे पन्नास टक्के ऊन अडवणारं, पंचाहत्तर टक्के म्हणजे त्याहून दाट. मोटारीच्या फिल्मवरचा आकडा उलटा असतो. सत्तरची फिल्म म्हणजे सत्तर टक्के उजेड आत सोडणारी, वीसची म्हणजे जवळजवळ काळीकुट्ट. शेडनेटच्या सवयीनं कुणी मोठा आकडा म्हणजे जास्त सावली समजून दुकानात गेला, तर दुकानदार आणि तो एकमेकांशी बोलत राहतील आणि अर्थ मात्र दोन निघतील.

आता कायदा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम काचांबद्दल आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. नियम नेमका होता. पण पन्नास टक्के आणि चाळीस टक्के यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? रस्त्यावर मोजण्याचं यंत्र घेऊन कोण उभा राहणार? नियम पुस्तकात राहिला आणि बाजारात फिल्म गडद होत गेली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मोटार मध्यमवर्गीय दारात उभी राहिली. गाडी घेतली की सीटकव्हर, टेप आणि काचेची फिल्म ही तिन्ही कामं एकाच दिवशी उरकायची, अशी पद्धत पडली. पुढे २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात त्या गाडीनं ॲम्बॅसिडरची गादी घेतली आणि पडद्याची जागा काळ्या फिल्मनं घेतली. पांढरी गाडी, काळ्या काचा आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत एखादं नाव. आत साहेब असोत, साहेबांचा भाचा असो, की नुसता ड्रायव्हर गाडी धुऊन आणत असो, बाहेरून सगळे सारखेच. रस्त्यानं चालणारा माणूस आपसूक बाजूला होई. आमच्या लहानपणी मेणा सगळ्यांना परवडत नव्हता. आता तो दुकानात, पाहिजे त्या आकड्यात मिळू लागला.

कोलकात्याच्या अभिषेक गोएंका यांनी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. म्हणणं असं, की काळ्या काचांच्या गाड्यांचा वापर गुन्ह्यांसाठी होतो. आत काय चाललंय हे पोलिसाला दिसत नाही, रस्त्यावरच्या माणसालाही दिसत नाही. शिवाय चालकाला बाहेरचं नीट न दिसल्यानं अपघात होतात, ते वेगळंच. २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पीठानं निकाल दिला. न्यायालयानं शंभराव्या नियमाचा अर्थ असा लावला, की सत्तर-पन्नासचं प्रमाण हे कारखान्यातून निघालेल्या सुरक्षा काचेचं आहे. कारखान्यातच काचेला हलका रंग दिला असेल आणि ती या प्रमाणात बसत असेल तर हरकत नाही. पण नंतर बाजारात नेऊन तिच्यावर काही चिकटवण्याची परवानगी नियमात कुठेही नाही. म्हणून कितीही टक्क्यांची काळी फिल्म असो किंवा दुसरी कुठली वस्तू, काचेवर लावायची नाही. ४ मे २०१२ पासून अंमल. सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या वाहनांना, तीही तपासून.

त्या मे महिन्यात चौकाचौकांत गाड्या थांबवून फिल्म सोलल्याचं दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. कुणी नखानं कोपरा उचकटत होता, कुणी ब्लेडनं खरवडत होता. काचेवर डिंकाचे चट्टे राहत. मागच्या काचेवर दव घालवण्यासाठी असलेल्या बारीक तारा फिल्मबरोबर निघून येत. फिल्म बनवणारे आणि विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. आमची फिल्म काळी नाही, सत्तर-पन्नासच्या आत बसते, तेवढी तरी चालू द्या, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयानं तेही नाकारलं. नुसता दंड करून भागणार नाही, फिल्म जागीच काढून टाका, असं पोलिसांना बजावलं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत चालत्या बसमध्ये जे घडलं, ते मी इथे पुन्हा सांगत नाही. त्या बसला पडदे होते, गडद काचा होत्या. ती बस शहराच्या रस्त्यांवरून फिरत राहिली आणि बाहेर कुणाला काही दिसलं नाही. त्यानंतर बसगाड्यांचे पडदे आणि काळ्या फिल्म उतरवण्याची मोहीम निघाली. एप्रिलमधला निकाल ज्यांना जाच वाटला होता, त्यांच्यातल्या अनेकांना त्याचं कारण डिसेंबरात कळलं.

पण इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं. वय ६९. अठ्ठावीस वर्षं त्यानं माल पोचवणारी गाडी चालवली होती. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला शोभेल अशी. डावी बाजू मात्र वीस वर्षांनी म्हातारी वाटावी इतकी सुरकुतलेली, जाड झालेली. तिकडे चालक डावीकडे बसतो आणि बाजूच्या काचेतून ऊन त्याच्या डाव्या गालावर पडतं. साधी काच अतिनील किरणांचा एक प्रकार अडवते, पण दुसरा बराचसा आत सोडते. समोरची दुपदरी काच त्यालाही अडवते, बाजूची तितकी अडवत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा घेऊन मुलुखभर जाणाऱ्या आपल्या चालकांचा उजवा हात आणि उजवा गाल कधी नीट बघा. चांगली फिल्म, मग ती पारदर्शक का असेना, ही किरणं जवळजवळ पूर्ण थांबवते. न्यायालयानं लोकांच्या सुरक्षिततेपुढे एकेकट्याची गैरसोय दुय्यम मानली. ते योग्यच होतं. पण गैरसोय खोटी नव्हती.

ही कोंडी नियमातल्या एका शब्दानं सुटू लागली. केंद्र सरकारनं शंभरावा नियम सुधारला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात सुरक्षा काचेच्या जोडीला आतल्या बाजूनं प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही मान्यता मिळाली. उजेडाचं प्रमाण मात्र तेच राहिलं. समोर-मागे सत्तर, बाजूला पन्नास. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी निकाल दिला, की सुधारलेल्या नियमानुसार या प्रमाणात बसणारी फिल्म लावता येते आणि तेवढ्यासाठी दंड करता येत नाही. २०१२ चा निकाल जुन्या नियमावर आधारलेला होता, हे त्यांनी लक्षात घेतलं.

आता निकाल केरळचा आणि रस्ता आपला. आपल्याकडच्या एखाद्या हवालदाराच्या मनात २०१२ चाच आदेश पक्का बसलेला असू शकतो. म्हणून फिल्म लावणाऱ्यानं कंपनीचं प्रमाणपत्र गाडीत ठेवावं आणि मोजमाप चोख ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा सापडल्यास दीड हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही माहीत असावं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या घरच्या गाडीसाठी सांगलीच्या एका दुकानात गेलो. पुतण्या बरोबर होता. त्याचा आग्रह एकच, "काका, जरा गडद घेऊ. गाडी भारी दिसते." दुकानातल्या मुलानं विचारलं, "साहेब, किती टाकायची? वीस, पन्नास, सत्तर?" मी म्हणालो, "आधी काच किती आहे ते मोज." त्यानं छोटं मीटर काढलं आणि काच खाली घेऊन तिच्या कडेवर अडकवलं. बाजूची काच निघाली पंचाहत्तर.

इथेच बहुतेकांची गणितं चुकतात. फिल्म काचेवर लागते, म्हणून दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. पंचाहत्तरच्या काचेवर पन्नासची फिल्म लावली तर उरतात साडेसदतीस. म्हणजे पन्नासची फिल्म लावली, आता कायद्यात बसलो, असं समजणारा माणूस कायद्याबाहेरच असतो. त्याच काचेवर सत्तरची लावली तर साडेबावन्न, म्हणजे जेमतेम आत. समोरच्या काचेचं प्रकरण त्याहून नाजूक. पंचाहत्तरवर नव्वदची फिल्म लावली तरी साडेसदुसष्टच उरतात, सत्तर होत नाहीत. काच ऐंशीची असेल तर बहात्तर होतात आणि जमतं. आमच्या समोरच्या काचेचा हिशेब बसेना, म्हणून ती तशीच ठेवली. गाडी उभी असताना तिच्या आत घडीचा चकाकता पडदा टेकवायचा, चालू केली की काढून ठेवायचा. त्याला कुणाची हरकत नाही.

मग प्रकार ठरवायचा. रंगाची फिल्म स्वस्त असते, पण काही वर्षांत जांभळी पडते. धातूच्या थराची ऊन चांगलं परतवते, पण रेडिओ लहरींनाही अडवू शकते. समोरच्या काचेवर ती असली तर आणेवाडी किंवा तासवडे नाक्यावर फास्टॅग वाचला गेला नाही म्हणून मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकावे लागतील. सिरॅमिक महाग, पण उजेड सोडून उष्णता अडवणारी. दुकानात तापलेल्या दिव्यापुढे फिल्म धरून पलीकडे हात ठेवायला सांगतात. हाताला गार लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. तेवढ्यावर जाऊ नये. तो दिवा ठरावीक प्रकारची उष्णता देतो. उन्हातली एकूण उष्णता किती टक्के अडते, हा आकडा कागदावर मागावा. आम्ही बाजूच्या काचांना सत्तरची सिरॅमिक घेतली. पुतण्याचं तोंड थोडं पडलं.

काम बघण्यासारखं होतं. काच आधी साबणाच्या पाण्यानं धुतली, मग ब्लेड फिरवून चिकटलेला कण न् कण काढला. फिल्मचा तुकडा काचेच्या बाहेरच्या बाजूला अंथरून, हीट गननं गरम करत, काचेच्या बाकाला बसेल असा आकसून घेतला. मग मागचा कागद सोलला, शॅम्पूचे थेंब टाकलेलं पाणी दोन्हीकडे फवारलं आणि तुकडा आतल्या बाजूनं सरकवत जागेवर आणला. मधून कडेकडे पट्टी ओढत पाणी काढलं. कडेला नखाएवढीही नाही इतकी बारीक फट सोडली, म्हणजे काच वरखाली होताना फिल्म उचकटत नाही. पंखा बंद, दुकानाचं शटर अर्धं खाली. धुळीचा एक कण आत गेला तर तो कायमचा राहतो. शेवटी त्यानं बजावलं, चार-पाच दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत, पाण्याचे बारीक फुगे दिसले तर टोचायचे नाहीत, ते आपोआप सुकतात, आणि पुसताना अमोनिया असलेलं औषध वापरायचं नाही. मी मुद्दाम पुन्हा मीटर लावायला सांगितलं. काटा पन्नासच्या वर थांबला.

आता कुणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला? गाडी माझी, काच माझी. याचं उत्तर आपल्या रस्त्यांवर ऊस हंगामात मिळतं. दिवाळीनंतर कऱ्हाड, इस्लामपूर, तासगावच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागे दिवा नसतो, असला तर मोळ्यांआड गेलेला असतो. दिवेलागणीला फाट्यावर वळताना मोटारीचा चालक बाजूच्या काचेतून बघतो. त्या काचेतून सातातला एक भाग उजेड येत असेल, तर उसाची गाडी त्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि रस्त्याच्या कडेला डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी असलेली बाई गाडीपुढून जावं की थांबावं, हे ठरवते चालकाच्या चेहऱ्याकडे बघून. त्यानं मान हलवली, हात केला, की ती निघते. काच काळी असली तर तिला तो हात दिसत नाही.

पन्नास टक्के हा आकडा तिच्यासाठी आहे. उन्हापासून अंग राखण्याचा हक्क आत बसलेल्याला आहे. आतला हात दिसण्याचा हक्क बाहेरच्याला आहे. आज विज्ञानानं अशी फिल्म दिली आहे की दोन्ही साधतात. मेणा आता खरोखर उतरवायला हरकत नाही.